चंद्रीचा ठेका

वरातीनं रस्ता अडवला, म्हणून इस्लामपूरच्या अलीकडं आमची एस.टी. थांबली. माझ्या पुढच्या बाकावर दोघी अनोळखी बायका होत्या. एक तरणी, एक वयस्कर.

"घोडी काय झ्याक नाचतिया, बघा मावशी."

"आमची चंद्री अशीच व्हती. मामंजींनी वरातीसाठीच पाळलेली."

"मग इकली का काय?"

"न्हाई गं. एकदा पोट फुगलं, अंगणातच आडवी झाली. डॉक्टर फोनवर म्हणालं, मी निघालोय, पण तवर तिला लोळू दिऊ नका, चालवत ऱ्हावा. न्हाईतर आतडं पिळवटंल."

"मग चालवली?"

"उठतीया कुठं! मामंजी तिच्या पाया पडलं, रडलं. शेवटी पत्र्याचा डबा घेतला आन् वरातीचा ठेका धरला."

"आन्?"

"कान टवकारलं तिनं. थरथरत उठली गं बाई! मामंजी फुडं डबा बडवत्यात, मी दोरी धरलेली. शेजारची भामाबाई तर पळत आली नवरदेव बघाया!"

"आगं आई! वाचली मग?"

"वाचली तर! म्होरं लय वर्सं नाचली. गेल्या साली म्हातारी हून गेली."

"आन् मामंजी?"

"हायती. खाटंवरनं हलत न्हाईत. पण गल्लीत बँड वाजला की उठत्यात."

"वरात बघाया?"

"न्हाई. गोठ्याची कडी काढत्यात. चंद्रीला उशीर हुईल म्हणत्यात."

"मग तुमी काय करता?"

"मी? बँड लांब गेला, की कडी परत लावती."