रेघेपलीकडच्या सांडण्या

— नको, बूट काढू नकोस, तुला फार वेळ बसायचं नाहीये. कॉफी देते, ती तू सलाम करून आत आलास म्हणून. नाहीतर नहार, तुझ्या अंगावरचा तो सरकारी कोट बघून ही किटली तुझ्या डोक्यावरच रिकामी केली असती मी. हसू नकोस. तुझी आई नुवैर आणि मी एका विहिरीवर लहानाच्या मोठ्या झालो, आणि तिच्या पोरानं माझ्या तंबूत बंदूक घेऊन यावं आणि विचारावं — काय विचारलंस मघाशी? परत बोल ना, लाज वाटत नसेल तर. "उम्म सत्ताम, मुतलक इकडे आला होता का?" माझ्या सत्तामची आई म्हणून हाक मारतोस, आणि कशाला हवाय रे तुम्हाला मुतलक? मीच सांगते कशाला. जुम्म्याच्या दिवशी रेघेच्या दोन्ही बाजूंच्या सरकारांचे साहेब विहिरीवर बसणार, मेंढीभात खाणार, हात चाटणार, आणि आम्ही तह पाळतो हे दाखवायला त्यांना एक लुटारू पाहिजे — हात बांधलेला, ताटासारखा पुढे सरकवता येईल असा. काल तुमच्या गस्तीनं त्याच्यावर गोळ्या झाडल्या, तो निसटला, म्हणून तुझी ही पायपीट. पलीकडच्या सरकारच्या हाती दिलात की ते त्याचं मुंडकं उडवतील. माहितीये ना तुला? मग खाली काय बघतोस. कॉफी पी.

तू म्हणशील, तुर्फाबाई, तुला कशाला त्याचा एवढा पुळका, वसंतात त्यानं तुझ्याच सांडण्या हाकून नेल्या की. नेल्या. पहाटे आले, सगळा कळप नेला, मी उघड्या डोक्यानं मागे धावले, घसा फुटेस्तोवर शिव्या घातल्या त्याच्या सात पिढ्यांना — आणि खरं सांगते, अजूनही घालते, त्यात काही कमी केलेलं नाही. पण मी नुसत्या शिव्या नव्हते देत. मी ओरडत होते, अरे थांबा, हा तंबू फलाहच्या भावाचा आहे. वारा उलटा होता, त्याला काही ऐकू गेलं नाही. फलाह म्हणजे त्याचा चुलता. माझा नवरा आणि फलाह, एक इकडच्या टोळीचा, एक तिकडच्या — दोघांनी भाऊपण बांधलं होतं. दर वर्षी आमच्याकडून तुपाची पखाल जायची, आणि त्यांच्यातल्या कुणी आमचं जनावर नेलं तर फलाहनं ते शोधून परत पाठवायचं. त्यांचं आमच्यातल्या कुणी नेलं, तर माझ्या नवऱ्यानं. बस, एवढंच. ना कागद, ना शिक्का, ना साहेब. तुझा बाप याच रीतीनं दोनदा आपली घोडी परत घेऊन आला, विचार त्याला. तुम्ही आता त्याला काय म्हणता? रानटीपणा म्हणता. आणि तुमचं काय? तुम्ही वाळूत रेघ मारली, तिच्यावर रिकामी पिंपं उभी केली, आमची विहीर इकडे ठेवली आणि आमचं कुरण तिकडे, आणि म्हणालात, हा घ्या तह. उंटाला कळतं का ते पिंप? त्याला अंग खाजवायला बरं पडतं, तेवढा एकच उपयोग झालाय आजवर.

आणि आमचा शेख हवास. त्यानं अंगठा उठवला त्या तहावर. आता मोटारीतून फिरतो, धूळ उडवतो, बायका विहिरीवर तोंडाला पदर लावून हसतात त्याला. मी गेले होते ना त्याच्याकडे, सांडण्या गेल्या तेव्हा. म्हटलं, फलाहला निरोप पाठव. तर म्हणतो, बाई, आता निरोप सरकारमार्फत जातो. वर्ष लागेल. वर्षभर मी नातवंडांना काय वाळू पाजू? मग मी माझा निरोप माझ्या रीतीनं पाठवला, एका मिठाच्या व्यापाऱ्याबरोबर. हो, पाठवला. लिहून घे, धरून ने मला. फलाहला कळलं तेव्हा म्हातारा सगळ्या टोळीसमोर पुतण्यावर थुंकला म्हणतात. भावाचा तंबू लुटलास. तोंड काळं केलंस माझं. जा, तुझ्या हातानं परत देऊन ये.

आता जरा डोकं चालव नहार, तुला शाळेत घातलं होतं नुवैरनं. काल तुमच्या गस्तीला काय दिसलं? पलीकडचा एक माणूस, पुढे उंटांचा कळप, रेघ ओलांडतोय. घाला गोळ्या. अरे पण त्या कळपाचं तोंड कुठं होतं? इकडे. लुटारू उंट हाकून नेतो की हाकून आणतो? त्यांच्या मांड्यांवरचे मालकीचे डाग कुणाचे होते? माझे. गस्तीत तुम्ही तिघे याच वाळवंटात जन्मलेले, डाग वाचता येत नाहीत का तुम्हाला आता? कोट चढवला की डोळे जातात? एकटा माणूस, दिवसाढवळ्या, माझं देणं माझ्या दारात आणत होता, आणि तुम्ही त्याला पाठीमागून — आणि नेम तरी कसला तुमचा, लागली ती मांडीत, हाड चुकवून आरपार, तीही अशी तिरपी की —

काय बघतोस?

हो. लागली हे तुम्हालाही माहीत नव्हतं. बोलून गेले मी. रागाच्या भरात माणूस बोलून जातं.

ठेव ती वाटी खाली. ठेव. आणि आता नीट ऐक, मी आवाज चढवणार नाही. आला तो. सरपटत आला आणि माझ्या तंबूचा खांब धरला, म्हणजे आसरा मागितला. ज्याला लुटलं त्याच्याच दारात आला, कारण मैलोन् मैल दुसरं दार नव्हतं. मी काय करायला हवं होतं? खांबावरची बोटं सोडवायला हवी होती, एकेक? तुझ्या आईनं सोडवली असती? हा पडदा, त्याच्या पलीकडे माझी सून आहे, नातवंडं आहेत आणि तो आहे. त्याला ताप आहे, उठू शकत नाही, तुला बंदूकही लागणार नाही. फक्त पडदा उचलायचा. पण तू तो उचललास ना नहार, तर उद्या विहिरीवर मी तुझ्या नावानं बेइमानीचं काळं फडकं बांधीन, आणि नुवैरला रोज त्याच्याखाली वाकून पाणी भरावं लागेल.

उचल.

नाही ना. मग उभा काय राहिलास. तुमची मोटार टेकडीमागे आहे, मघाशी धूळ बघितली मी. तिच्यात माग काढणारा असेल. म्हणून सरळ जाऊ नकोस. त्या खळग्याकडून जा, जिथून तो सरपटत आला, बाहेर बसवलेली तुझी सांडणी त्याच्या खुणांवरून ने — एकदा तिकडे, एकदा परत, म्हणजे माग पुसला जाईल. रक्त पडलंय तिथं तिला बसव, लोळू दे. मग जाऊन सांग साहेबाला काय सांगायचं ते.

आणि आईला माझा सलाम सांगू नकोस. अजून नाही. जा आता.