इंजिनावरची खुडूक कोंबडी

(पनवेल, १९५३. पुणे रस्त्यालगतच्या रिकाम्या भातशेतात बंद पडलेला रणगाडा. शेजारी लष्कराची क्रेन. ती चालवणारा दादू.)

हवालदार काशिराम : मावशी, शेवटचं सांगतो, बाजूला व्हा. साखळ्या लावून झाल्यात. चार वाजता कॅप्टनसाहेब येतील, त्याआधी इंजिन लॉरीत हवंय.

गुणाबाई : न्या की! इंजिन कुनी मागितलं? वर माजी कोंबडी बसलीय अंड्यांवर.

हवालदार : इंजिनावर?

दादू : हाय, हवालदार. मघाशी हात घातला मी. हे बघा, बोट.

हवालदार : अख्ख्या पनवेलात दुसरी जागा नव्हती?

गुणाबाई : झाकण उघडं टाकून तुमचीच मानसं गेली. आनि अंड्यांजवळ लोखंड लागतं, बाबा. आभाळ गडगडलं तरी मंग अंडी नासत नाय. दर खेपेला मी येक खिळा ठेवते. म्हटलं, हितं तर समदं लोखंडच हाय.

हवालदार : खिळ्याऐवजी रणगाडा!

गुणाबाई : तीन आठवडे पडून होता. तुमाला कुठं लागत होता?

हवालदार : मी उचलून टोपलीत ठेवतो तिला.

गुणाबाई : हात लावू नको! मानसानं हलवली तर उठंल, परत बसायची नाय. मानमोडीच्या रोगात माज्या सतरा कोंबड्या गेल्या. ही येकली उरली. आज एकविसावा दिस. ही अकरा अंडी गेली तर खुराड्याला कायमची कडी लागंल रं.

दादू : मावशी, क्रेनला हात नाय.

गुणाबाई : म्हंजे?

दादू : कोंबडीसकट उचलतो. बंदरावर काचसामान उतरवलंय मी.

हवालदार : दादू, तू कोणाच्या बाजूचा?

दादू : क्रेनच्या.

हवालदार : बरं, घे वर. हळू! अरे, हळू म्हणजे हळू! बसलीय का?

दादू : बसलीय. मामलेदारासारखी बघतेय सगळीकडं.

हवालदार : शाब्बास. आता लॉरीकडे फिरव.

दादू : थांबा. वर चिवचिव झाली.

गुणाबाई : फुटलं! पैलं अंडं फुटलं! बंद कर तुजं यंत्र. सगळी निघस्तवर धक्का लागता कामा नये.

हवालदार : चौदा मणांचं धूड हवेत लटकत ठेवू? साहेब माझी पट्टी उतरवतील, मावशी!

गुणाबाई : तुला पोरंबाळं हायत?

हवालदार : एक मुलगी. सव्वा महिन्याची.

गुणाबाई : कुनासारखी दिसते?

हवालदार : काय माहीत. रजाच मिळाली नाही.

गुणाबाई : मंग हे तरी बघून घे.

हवालदार : ...दादू, ब्रेक लाव.

दादू : कवाच लावलाय. आनि हवालदार, जीप आली. साहेब हॉर्न मारतायत.

हवालदार : साहेब! साहेब, हॉर्न नको! वर बाळंतीण आहे.