आमचं सगळं राखलं

नाही नाही, मिस्त्री, हातोडी नको — फादर आतल्या खोलीत आहेत, आवाज गेला की शंभर प्रश्न विचारतील. स्क्रूड्रायव्हरनंच काढा. चार तर स्क्रू, त्याला एवढा वेळ? गंजलेत? पितळेच्या पाटीला लोखंडी स्क्रू मारले कुणी — मीच मारायला लावले, हो, कबूल. पण साडेदहाच्या आत काढा. साडेदहाला ती बाई येते, बादली-फडकं घेऊन. ती यायच्या आत पाटी माझ्या पिशवीत आणि मी गाडीत. बाकावर डाग दिसला तर दिसू दे, सोमवारी पॉलिश मारून टाका.

काय, वाचताय? वाचा की, सगळेच वाचतात. 'आगीतून देवाने आमचं सगळं राखलं. कृतज्ञतेने अर्पण.' मजकूर माझाच. गाद्यांचा कारखाना माझा, ठाऊक असेल — दोन वर्षांपूर्वी कापसाचं गोदाम पेटलं. कापूस तो, एकदा भडकला की आटोपलं. पण वारा फिरला, मिस्त्री! यंत्रं वाचली, तयार माल वाचला, भिंतीला लागून माझं घर, त्याला झळसुद्धा लागली नाही. मी ढसाढसा रडलो, आणि महिन्याच्या आत हा बाक करून दिला — पहिल्या रांगेत, भारीतल्या लाकडाचा. आभार मानताना हात आखडायचा नाही, ही आमच्या आईची शिकवण. आणि पाटी कशी लखलखतेय बघा! दोन वर्षं मी लोकांना सांगत होतो, पितळ अस्सल आहे, काळं म्हणून पडत नाही. मूर्ख माणूस!

हो, गेला ना, एक माणूस गेला. आमचा पहारेकरी. कामगार त्याला घुबड म्हणायचे — सोळा वर्षांत कुणी त्याला डुलकी घेताना पाहिलं नाही, म्हणून घुबड. पाटी लिहिताना तो माझ्या मनात आला नाही, असं नाही हो. आला. पण 'आमचं सगळं' म्हणजे — आता काय सांगू — तो त्या हिशेबात बसला नाही एवढंच. आणि चौकशीला साहेब आले तेव्हा मी म्हणालो, शेगडी पेटती ठेवून झोपला असेल बिचारा. 'बिचारा' म्हणालो मी! वर त्याच्या बायकोला दर महिन्याला धान्य-किराणा लावून दिला. सगळ्यांनी वाहवा केली. मीही केली, खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात माझी मीच केली.

निघाला? एक निघाला का? शाब्बास. अजून तीन. हात चालवा हो जरा.

ती बाई म्हणजे त्याचीच बायको. काल फादर मला कौतुकानं सांगतात — हे चर्च झाडायचं काम तिनं मागून घेतलंय, एक पैसा घेत नाही, आणि आल्याबरोबर आधी तुमची पाटी घासते. का, तर म्हणे, 'माझा नवरा झोपला, मालकांचं एवढं नुकसान झालं, तरी मालकांनी आम्हाला माफ केलं.' माफ! मी! काल घरी जेवायला बसलो, दोन्ही पोरं हात जोडून, डोळे मिटून थांबलेली — बाबा प्रार्थना म्हणतील, मग घास घ्यायचा. 'प्रभू, तू जे दिलंस त्याबद्दल...' आणि पुढे तोंडातून शब्द फुटेना. ताटं गार झाली. धाकटी म्हणते, बाबा, विसरलात का? उठलो तसाच.

तो झोपला नव्हता हो. आग विजेच्या तारांची होती, आणि संध्याकाळची — झोपेल कशाला? पुढचं दार पेटलं, तो मागच्या दाराकडे धावला. त्या दाराची किल्ली आत खिळ्याला असायची, सोळा वर्षं. त्या आठवड्यात कापडाचे दोन तागे कमी भरले, मला त्याचाच संशय आला, म्हणून मी बाहेरून कुलूप घातलं. तागे नंतर शिलाईखात्यात सापडले. आणि किल्ली — ही बघा, अजून याच जुडग्यात आहे, टाकवत नाही. मी कुठं होतो? इथंच. गुडघ्यावर. फोन बंद करून, चांगल्या वर्षाबद्दल देवाचे आभार मानत होतो, आणि ही खिशात टोचत होती म्हणून मी जरा सरकून बसलो.

हे तुम्हाला कशाला सांगितलं मी? कुठं बोलू नका. तीन निघाले ना? चौथा उपटा, लाकूड फाटलं तरी चालेल — थांबा. बादली वाजली का?

या बाई. नाही, तुमचं काही चुकलं नाही... पाटी मीच काढतोय. नको, ते फडकं लावू नका तिला, हात जोडतो, खाली ठेवा ते. बसा. इथं, या बाकावरच बसा. तुमचा नवरा झोपला नव्हता, बाई. ही किल्ली हातात घ्या आधी — कशाची ते सांगतो.

मिस्त्री, तुम्ही जा आता. राहू दे तो चौथा. जा म्हटलं ना! आणि जाताना दार लावू नका. उघडंच राहू दे ते.