देवराईतले रिकामे रकाने

स्नेहल : मी बसत नाही, आत्या. तू बघ तुझं.

आत्या : खिडकी ते फ्रिज, फ्रिज ते खिडकी. खालचा भाडेकरू वर येऊन विचारेल, गिरणी टाकली का म्हणून. तुझ्या गाईड सरांचा फोन कधी यायचाय?

स्नेहल : जेवण झाल्यावर म्हणाले. तेव्हा मला सांगायचंय, नोंदी कापू की नको. त्यांचं म्हणणं, देवराईतल्या नोंदी कमी आहेत, बाहेरच्या उतारावरच्या जास्त. तर बाहेरच्या कापून बरोबरीला आण. आणल्या. तर देवराईच्या कुंपणाने रोपांत पडलेला फरकच पुसला गेला. दोन पावसाळे एसटीने पेठ तालुका गाठला, आणि निकाल काय? शेळ्या आत शिरल्या तरी रोपं तेवढीच, अडवल्या तरी तेवढीच.

आत्या : कापायचं कशाला पण? संख्याशास्त्रातलं मिक्स्ड मॉडेल लाव. त्याला तक्ता समसमान लागत नाही. प्रत्येक देवराईची माती आपली, सावली आपली. तिची सुरुवात वेगळी धरायची, मग कुंपणाने काय बदललं ते बघायचं. जिच्या नोंदी कमी, तिचंही ऐकायचं. फक्त जरा हात राखून, बाकीच्या बहिणी काय म्हणतात ते बघत.

स्नेहल : द्राक्षांच्या लॅबमध्ये हे करता तुम्ही?

आत्या : लॅबमध्ये मी साखरेचे आकडे भरते. हे शिकले यूट्यूबवरच्या एका बंगाली मास्तरांकडून. त्यांना बिचाऱ्यांना ठाऊक नाही पंचवटीत त्यांची एक विद्यार्थिनी आहे. सकाळीच चालवलं तुझं मॉडेल, सगळ्या नोंदी ठेवून. कुंपणाच्या आत रोपं जास्त आहेत. स्वच्छ दिसतंय.

स्नेहल : खरंच? मग झालं की. गावातल्या सगुणाबाईला फोन करते. गाव थांबलंय गं. कुंपण ठेवायचं की काढायचं, ते या निकालावर ठरवणार आहेत.

आत्या : थांब. झालं नाही. या मॉडेलची एक अट असते. रकाना रिकामा का राहिला, त्याचं कारण मोजायच्या गोष्टीत गुंतलेलं नको. तू कारण काय लिहिलंयस?

स्नेहल : पाऊस.

आत्या : पावसानेच रोपं उगवतात. म्हणजे सगळ्यात जास्त उगवली तेव्हाच तू गेली नव्हतीस, असा अर्थ निघतो. मग माझा निकालही लंगडा आणि तुझ्या सरांचाही.

स्नेहल : जोराचा पाऊस असायचा.

आत्या : फक्त देवराईत? त्याच दिवशी बाहेरच्या उतारावरची नोंद आहे, तुझ्याच हातची. हाकेच्या अंतरावर. तिथे ऊन होतं का?

स्नेहल : पाणी पिऊन येते.

आत्या : ये. आणि हे रकाने महिन्या-महिन्याने रिकामे होतात, तेही मी बघितलंय. मी पंचवटीत देवळांच्या गर्दीत राहते, बाई. मला काय सांगतेस.

स्नेहल : कळलंय तर विचारतेस कशाला?

आत्या : कारण मॉडेलला मी सांगून चालत नाही.

स्नेहल : पाळी असली की बाईने आत जायचं नाही, तिन्ही देवरायांचा नियम. सगुणाबाई दर वेळी कडेला थांबून विचारायची, अडचण नाय ना पोरी? नाही म्हटलं असतं तर तिला काय कळणार होतं? एकदा ते खोटं ओठावर आलंही. पण गावात तिने सांगून ठेवलेलं, ही पोर माझ्या शब्दावर आत जाते. मला नाही जमलं गं. मी बाहेरचा उतार मोजून परत यायची.

आत्या : तुझ्या विभागातल्या दिनेशला पाठवायचं मोजायला.

स्नेहल : आणि त्याला काय सांगू? सरांना काय सांगू? विज्ञानात पीएचडी करणारी मुलगी, आणि विटाळ पाळते. तोंडावर कोणी हसलं नसतं. पाठीमागे हसले असते. पावसाला कोणी हसत नाही.

आत्या : सगुणाबाईशी खरं बोललीस आणि प्रबंधात खोटं. उलटं असतं तर तुला नावं ठेवली असती मी.

स्नेहल : म्हणजे आत्ता ठेवत नाहीस?

आत्या : ठेवतेय, पण प्रेमाने. बस बघू आता. मला एक सांग, तुझी पाळी बघून रोपं उगवायची का?

स्नेहल : काहीतरीच.

आत्या : मग तेच तर. तुझ्या पाळीचा रोपांशी संबंध नाही. खरं कारण लिहिलंस, तर मॉडेलची अट पाळली जाते, निकाल उभा राहतो. ज्याची तुला लाज वाटतेय, त्यानेच तुझं काम वाचतंय. पाऊस लिहिलास की बुडालं.

स्नेहल : असं लिहितात का कोणी प्रबंधात?

आत्या : एक वाक्य. गावाच्या नियमामुळे पाळीच्या दिवसांत संशोधिका आत गेली नाही. हसणारा हसेल. पण पुढच्या मुलीला कळेल की सोबत कोणीतरी न्यावं.

स्नेहल : सर विचारतील, तेव्हाच का नाही सांगितलंस.

आत्या : विचारू देत. तेही एका वाक्यात सांग.

(फोन वाजतो. स्नेहल उठत नाही, बसूनच घेते.)

स्नेहल : हो सर, जेवले. नाही, कापलेलं नाही काही. सगळ्या नोंदी ठेवल्या आहेत… कारण सांगते ना. सर, तो पाऊस नव्हता.