तारा, हत्ती आणि पिशवीतले

दंतवैद्य: आता तुम्हीच बघा. हा तारा छापाचा ठोकळा आणि हा हत्ती छापाचा. दिसायला सख्खे भाऊ. लांबी, रुंदी, वरची बटणं, सगळं सारखं. पण हत्तीवाला जरा ओढला की सुटतो. ताऱ्याचा सोडत नाही. त्यापेक्षा अक्कलदाढ बरी.

थेरपिस्ट: आणि हे पिशवीतले?

दंतवैद्य: त्यांचं नाव काढू नका. ना डबा, ना नाव, ना गाव. निम्मे इतके सैल की फुंकर मारली तरी पडतील आणि निम्मे असे घट्ट की पक्कड आणावी लागेल. एकाचा मेळ दुसऱ्याला नाही. साचा झिजलेला असणार. लॅबमधून माझ्याकडे अशी कॅप आली तर मी दारातूनच परत पाठवतो.

बायको: पाठवत होतात. आता असिस्टंट पाठवतो.

दंतवैद्य: हो, हो. मला अर्धांगाचा झटका आल्यापासून दवाखाना तोच बघतोय, मॅडम. पोरगा चांगला आहे, नाही असं नाही. हात जरा घाईचा आहे.

बायको: सहा महिने तुम्ही दवाखान्याची पायरी चढला नाहीत. त्याचा हात घाईचा आहे हे घरी बसून कसं कळतं?

दंतवैद्य: शिकवलाय कोणी त्याला?

थेरपिस्ट: डॉक्टर, मी तुम्हाला थोडे ठोकळे आणा म्हटलं होतं. तुम्ही दुकानच उचलून आणलंत.

दंतवैद्य: तुम्ही म्हणालात, उजव्या बोटांत जोर यायला मुलांचे ठोकळे जोडा आणि सोडवा. कुठले ते सांगितलं नाहीत. मी पेशंटला नुसतं दात घासा म्हणून घरी धाडत नाही. कुठला ब्रश, किती मऊ, कसा धरायचा, सगळं सांगतो.

बायको: सांगतात आणि वर परीक्षा घेतात. मॅडम, याचं काय झालं, आधी हत्तीचे आणले. थोड्याच दिवसांत ते पटापट सुटायला लागले. झालं. स्वारी राजा. हात बरा झाला, दवाखान्यात जातो. मग इथे आले तर तुमच्याकडचे ताऱ्याचे. एक हलेना. घरी जाईपर्यंत तोंड एवढं फुगलेलं.

दंतवैद्य: फुगलं नव्हतं. विचार करत होतो. दोष हाताचा की मालाचा, हे आधी ठरवायला नको? म्हणून तिन्ही आणले. दुकानदार विचारतो, नातू केवढा आहे? म्हटलं, अठ्ठावन्न.

बायको: तो बिचारा तसाच जाऊन वरच्या फळीवर शोधायला लागला.

थेरपिस्ट: मग काय निकाल लागला?

दंतवैद्य: पहिला तारा, वादच नाही. जोडल्यावर फट दिसत नाही. कडा गुळगुळीत, रंग लाल म्हणजे लालच. हत्ती पकडीला कच्चा, पण शिकाऊ हाताला आधी हत्तीच द्यावा. एकदम ताऱ्याला भिडलो असतो तर मी कधीच हात टेकले असते. तुमच्या बाकीच्या पेशंटना हे सांगत जा, फुकटचा सल्ला आहे. आणि पिशवीतले कोणालाच देऊ नका. कडेला प्लास्टिकचं बारीक कुसळ राहून गेलेलं असतं, ते बोटाला बोचतं.

थेरपिस्ट: ताऱ्याचे आता सुटतात?

दंतवैद्य: बघाच. डाव्यानं मी नुसता धरलाय, ओढणार उजवा. हा एक. हा दुसरा. हा जरा हट्टी आहे... आला. अजून दाखवू?

थेरपिस्ट: नको, पुरे. छान जोर आलाय, खरंच. मागच्या महिन्यात यातला एकही हलत नव्हता.

दंतवैद्य: मग म्हणा.

थेरपिस्ट: काय म्हणू?

दंतवैद्य: हो म्हणा. हिनं मला अट घातली आहे. तुम्ही हो म्हटल्याशिवाय कोणाच्या तोंडात हात घालायचा नाही. आणि उद्या सकाळी मी पेशंट बोलावलाय. शाळेच्या मोठ्या बाई. किती वर्षं माझ्याकडे येतात, दुसऱ्या कोणापुढे जबडा उघडत नाहीत. खालच्या दाढेचं रूट कॅनल आहे. माझ्यासाठी गोळ्या खाऊन थांबल्यात.

बायको: तुम्ही थांबवलंत म्हणून थांबल्यात.

दंतवैद्य: असिस्टंटकडे जा म्हटलं होतं मी.

बायको: म्हटलंत. कसं म्हटलंत ते मी ऐकलं होतं.

थेरपिस्ट: डॉक्टर, जोराचं झालं. पण बोटांना कळतं किती, ते आज बघायचंय. मागे डोळे मिटून नाणं आणि किल्ली ओळखायला दिली होती, तेव्हा जमलं नव्हतं. आज हे तीन प्रकार आयतेच आहेत. मी एकेक ठोकळा हातात देते. तारा, हत्ती की पिशवी, चाचपून सांगायचं. आधी डावा हात.

दंतवैद्य: डाव्याला काय झालंय? द्या. मिटले डोळे. तारा. हा हत्ती. ही पिशवी, कुसळ लागलं. पोरखेळ आहे.

थेरपिस्ट: तिन्ही बरोबर. आता उजवा.

दंतवैद्य: हं. जरा टेबलावर ठोकून बघतो हं. तारा. पुढे?

थेरपिस्ट: ठोकायची गरज नाही, नुसता चाचपा.

दंतवैद्य: सवय आहे हो. कुठला दात दुखतोय ते आम्ही ठोकूनच बघतो. हा हत्ती. हा पुन्हा हत्ती, फसवताय मला. ही पिशवी. आणि हा तारा.

थेरपिस्ट: सगळे बरोबर आले.

दंतवैद्य: ऐकलंस? सगळे बरोबर. आता तरी तुझी अट सुटली ना?

बायको: ऐकलं. मॅडम, यांच्या कानांत कापूस घालून पुन्हा विचारा.

थेरपिस्ट: म्हणजे?

बायको: ताऱ्याचा ठोकळा टेबलावर ठोकला की टणक वाजतो. हत्तीचा बसका. पिशवीतला पत्र्यासारखा वाजतो. महिनाभर रोज संध्याकाळी घरात हेच चाललंय, ठोक ठोक. मी आत ओट्याशी उभी राहून सांगेन कुठला ते. मला तर बोटही लावावं लागत नाही.

दंतवैद्य: तू कोणाच्या बाजूनं आहेस?

बायको: खुर्चीत बसायचं आहे त्या बाईंच्या.

दंतवैद्य: आवाजानं ओळखणं म्हणजे काय लबाडी झाली? ड्रिल चालू असलं की आवाज बदलतो, त्यावरून मला कळतं, कीड संपली, चांगला दात लागला. आमच्या धंद्यात कान लागतात.

बायको: कान लागतात, कबूल. पण दाढेच्या मुळात ती बारीक सुई घालता तेव्हा कसला आवाज येतो? तुमच्या शेजारी उभी राहून त्या सुया मीच हातात देत आले ना. तुम्ही बघतही नव्हता. खिडकीबाहेर डोळे, तोंडानं गप्पा चालू, आणि मधेच हात थांबायचा. काय झालं विचारलं की म्हणायचात, अडली, बोटाला कळतं.

दंतवैद्य: त्याला काय. सुरुवातीला बघून करेन.

बायको: आतलं कसं बघणार? परवा दुधाचं पातेलं उचललं यांनी, मॅडम. बोटाला हा एवढा फोड आला. यांना कळलं कधी? मी दाखवला तेव्हा.

दंतवैद्य: हे इथे सांगायची काय गरज होती?

बायको: मलाही सांगायचं नव्हतं. तेव्हापासून गिळूनच बसले होते. म्हटलं, माणूस इतक्या दिवसांनी हसतोय, आपण कशाला मिठाचा खडा टाका. पण आज सकाळी मोठ्या बाईंचा फोन आला. डॉक्टर स्वतः आहेत ना, मग मला काही काळजी नाही, म्हणाल्या. मला भीती वाटली हो. त्यांची जीभ तिथेच असते, गाल तिथेच असतो. काही झालं तर तुम्हाला ते आयुष्यभर पुरेल.

थेरपिस्ट: बोट बघू. भरत आलंय. हे मला तेव्हाच कळवायला हवं होतं, डॉक्टर.

दंतवैद्य: विसरलो.

थेरपिस्ट: बरं. पुन्हा एकदा बघू या का? हा टॉवेल मांडीवर घ्या, हात त्यावर. म्हणजे काही वाजणार नाही. मन नसेल तर पुढच्या खेपेला करू.

दंतवैद्य: पुढची खेप कशाला. द्या.

(तो डोळे मिटतो. उजवा हात टॉवेलवर उताणा. बायको खुर्ची थोडी जवळ ओढते.)

दंतवैद्य: हत्ती.

थेरपिस्ट: पुढचा.

दंतवैद्य: दिलात?

थेरपिस्ट: दिलाय.

दंतवैद्य: हो, कळलं. हत्ती. नाही, थांबा, तारा. तारा धरा.

थेरपिस्ट: हा?

दंतवैद्य: घाई करू नका. हा... बहुतेक हत्तीच. बरोबर चाललंय ना? तुम्ही काही बोलतच नाही.

थेरपिस्ट: शेवटी सांगते. हा घ्या. बोटांत धरा आणि अंगठ्यानं सावकाश फिरवा.

दंतवैद्य: हं. हा कळतोय. हा मात्र चांगला कळतोय. कडेला कुसळ आहे, बोचतंय बघा. मी म्हटलं नव्हतं, साचा झिजलेला म्हणून? वरची बटणंसुद्धा एकसारखी नाहीत, एक जरा बुटकं आहे. पिशवीतला. लिहून देतो.

बायको: अहो.

दंतवैद्य: तू मधे बोलू नकोस. चुकलं तर मॅडम सांगतील.

थेरपिस्ट: डोळे उघडा, डॉक्टर.

दंतवैद्य: का, चुकला?

थेरपिस्ट: उघडा तर खरे.

दंतवैद्य: कुठे गेला?

बायको: टॉवेलवर. तो काय, घडीत.

दंतवैद्य: कधी पडला?

थेरपिस्ट: तुम्ही फिरवायला लागलात, तेव्हाच.

दंतवैद्य: मग मी एवढा वेळ... ते कुसळ, ते बुटकं बटण...

थेरपिस्ट: मुद्दाम नाही केलंत तुम्ही. ठोकळा हाताला कसा लागायला हवा ते डोक्याला पाठ असतं. हात काही कळवत नाही, मग डोकंच सांगत बसतं.

दंतवैद्य: मला खरंच बोचलं ते.

थेरपिस्ट: खोटं बोलताय असं मी म्हणतच नाही.

दंतवैद्य: कुठला होता?

बायको: जाऊ द्या ना आता.

दंतवैद्य: कुठला होता म्हणतो मी.

थेरपिस्ट: ताऱ्याचा.

दंतवैद्य: ताऱ्याचा. आणि मी त्याच्या साच्याला नावं ठेवली.

बायको: पाणी देऊ?

दंतवैद्य: नको. मॅडम, हे परत येतं का?

थेरपिस्ट: काहींचं येतं. जोर आधी येतो, हे मागून, आणि फार सावकाश. तांदळाच्या डब्यात ठोकळे पुरायचे आणि न बघता शोधून काढायचे, तिथून सुरुवात करू. शब्द मात्र देत नाही.

दंतवैद्य: हलणाऱ्या दाताला मीही असंच म्हणतो. जपू या, टिकला तर टिकला. त्यातले किती टिकले ते मला ठाऊक आहे.

बायको: काही टिकलेत.

दंतवैद्य: काही.

थेरपिस्ट: ओढायचे तेवढे चालू ठेवा. तो जोर फुकट नाही जायचा.

दंतवैद्य: मोठ्या बाईंच्या दाढेचं मागचं मूळ वाकडं आहे. एक्स-रेत धड दिसत नाही. तिथे घाई केली की सुई आत मोडायची. असिस्टंटला हे माहीत नाही.

बायको: मी सांगते त्याला संध्याकाळी.

दंतवैद्य: तुला काय सांगता येणार. मी जातो उद्या. शेजारी उभा राहतो. हात लावत नाही, तोंडानं सांगतो.

बायको: तो घाबरेल तुम्ही शेजारी उभे राहिलात तर.

दंतवैद्य: घाबरू दे. हात हळू चालेल. पण आधी बाईंना कळवायला हवं, उद्या दाढ मी करणार नाही म्हणून.

बायको: मी कळवते. सांगते, डॉक्टरांना आज जरा बरं नाही.

दंतवैद्य: ते त्या झटका आल्यापासून ऐकतायत. मीच सांगतो. बोटाला कळत नाहीये, एवढंच तर सांगायचंय. लाव फोन.

बायको: इथूनच?

दंतवैद्य: इथूनच. घरी गेलो की मला काहीतरी सुचेल.

बायको: लागला. वाजतोय. हा घ्या.

दंतवैद्य: त्या हातात नको. डाव्या हातात दे.