मध्येच घुसवलेली तळटीप

डोळ्यांच्या दवाखान्यात औषध घालून बसलेल्या शिंपीणकाकूंना शेजारी बसलेले बाप-लेक दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते.

“बाबा, पुस्तक आज छापायला जातंय आणि तुम्ही मध्येच आईची तळटीप घुसवलीत?”

“प्रार्थनेचा तो अर्थ तिनेच सांगितला होता.”

“अहो, पण खालच्या तिन्ही टिपांत नुसतं ‘तत्रैव’ आहे, म्हणजे वरचाच आधार. धर्मग्रंथातली वचनं आता आईच्या नावावर गेली. मी ग्रंथाचं नाव घालते.”

“थांब जरा.”

“किती थांबू? छापखानेवाले जीव खातायत.”

“ती वचनंही तीच म्हणायची, भांडी घासताना. ग्रंथ मी नंतर उघडला. तिचं खरं निघतं का, ते बघायला.”

फोन वाजला. लेकीने घेतला.

“हॅलो. टिपा तशाच राहू द्या. संदर्भसूचीत एक नाव वाढेल.”