आवडली म्हणजे आवडली!

का आवडली म्हणजे काय? आवडली! अहो, माझं जोड्यांचं दुकान आहे, दिवसभर लोक येतात, पाय घालतात, आरशासमोर दोन पावलं चालतात, 'आवडला' म्हणतात आणि मी तो खोक्यात भरून देतो... मी विचारतो का, 'या जोड्याने तुमच्या जीवनदृष्टीत नेमकी काय भर घातली?' विचारून बघा, तोच जोडा डोक्यात बसेल! पण त्या वाचकमंडळात मी एका कादंबरीला नुसतं 'आवडली' म्हणालो, तर सगळे असे बघायला लागले, जसा काही मी बुटांसकट टेबलावरच चढलोय!

आणि तुम्हाला सांगतो, मी आपणहून गेलोच नव्हतो. बायकोने पाठवलं. म्हणाली, 'जेवताना मला कादंबऱ्या सांगत बसता, ताटातलं सगळं गार होतं. ग्रंथालयाच्या माडीवर दर शनिवारी लोक जमतात, आवडलेल्या कादंबऱ्या, सिनेमे, सगळ्यावर बोलतात. तिथे जाऊन काय ते ओका!' ओका म्हणाली. शब्द बघा!

गेलो. गोल मांडलेल्या खुर्च्या, खिडकीपाशी आमचे सर. सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक, डोळे मिटून बोलतात. पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांचा सिनेमा! पहिला तासभर म्हणे एक बंद दार. दुसऱ्या तासात दार उघडतं... आणि आत? आत आणखी एक दार! मी आपलं भाबडेपणाने विचारलं, 'मग आवडला का तुम्हाला?' तर बाई दाढ उपटायच्या आधी बघतात तशा बघत म्हणाल्या, 'तो आवडण्या-न आवडण्याच्या पलीकडचा आहे.' अहो, पलीकडचा असेल तर पलीकडेच राहू द्या ना, इथे कशाला आणलात?

मग माझी पाळी. मी सांगितली जुळ्या भावांची कादंबरी. दोघे होडीतून जातात, एक बुडतो, एक परत येतो, आणि त्यांच्यातल्या एकाच्या बायकोला कळेना की आलाय तो नवरा की दीर! आहे की नाही? मी रंगात आलेला, तेवढ्यात सरांनी डोळे मिटले. 'कथानक कळलं. आशय काय?' म्हटलं, 'आशय हाच की, मेला कोण?' म्हणाले, 'हे कुतूहल झालं. मत कुठे आहे?' मी म्हटलं, 'आवडली, हेच मत!' 'आवडली हे मत नव्हे, ती प्रतिक्रिया.' अरे, प्रतिक्रिया असेल नाहीतर आणखी काही असेल, आवडली म्हणजे आवडली!

मग मात्र माझं टाळकं सटकलं आणि मी सासऱ्यांची हकीकत सांगितली. आमचे सासरे म्हणजे मोजकं बोलणारा माणूस. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमचं संभाषण काय? 'बरं आहे ना?' 'बरं आहे.' संपलं! त्यांचा एक डोळा आधीपासूनच अधू, आणि दुसऱ्याच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे आले. डोळ्यावर पट्टी. वाचता येईना, काही बघता येईना, नुसते भिंतीकडे तोंड करून बसलेले. मला कसंतरीच व्हायचं हो! काय बोलावं ते सुचेना, म्हणून ही कादंबरी मोठ्याने वाचायला घेतली. आणि काय सांगू! तिसऱ्या प्रकरणाला म्हातारा खुर्चीत पुढे सरकला! 'हा दीरच आहे, जावईबापू. नवरा असता तर कुत्रा भुंकला नसता.' मी म्हटलं, 'कुत्र्याचं काय घेऊन बसलात, हातावरचा व्रण बघा!' भांडलो की आम्ही! बायको आतून धावत आली, तिला वाटलं काहीतरी भलतंच झालं.

पट्टी काढायच्या सकाळी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. माझं मनगट घट्ट धरून ते हळूच म्हणाले, 'काय हो, त्या बाईला ओळखू येईल ना शेवटी... समोर कोण उभं आहे ते?' आता हे काय कादंबरीबद्दल होतं? मी शेवट वाचलेला नव्हता, तरी ठोकून दिलं, 'येणार म्हणजे येणारच!' आणि आलं! पट्टी निघाली, माझ्याकडे बघून म्हणाले, 'टक्कल पडलंय की तुम्हाला!'

हे सगळं मी त्या माडीवर सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. आणि सर? 'हृद्य आहे. पण हा वैयक्तिक अनुभव. पुस्तक सामान्यच.' म्हटलं, 'सामान्य? पुढच्या शनिवारी साक्षीदारच उभा करतो! दोन माणसांना बोलतं करणारं पुस्तक सामान्य असेल तर असू दे, आवडली म्हणजे आवडली!'

आणि नेलं सासऱ्यांना! इस्त्रीचा सदरा घालून आले. सरांनी विचारलं, 'बोला, कादंबरी कशी वाटली?' मी छाती काढून बसलेला... आणि सासरे घसा खाकरून म्हणतात कसे, 'ठीक. पूर्वार्ध पाल्हाळिक. भाषा ढिसाळ. आणि जावईबापू चुकीच्या ठिकाणी श्वास घेतात.'

चुकीच्या ठिकाणी श्वास! सरांनी चक्क डोळे उघडले हो! त्यांना स्वतःशेजारी बसवलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना दाराचा सिनेमा पहिल्यापासून सांगितला, आणि हे मान डोलावताहेत!

जिना उतरताना मी तरातरा पुढे निघालो. अर्ध्या जिन्यात त्यांनी माझी बाही ओढली. 'जावईबापू, त्याचा दुसरा भाग निघालाय का हो?' म्हटलं, 'आता कशाला? ढिसाळ आहे ना?' इकडे-तिकडे बघत म्हणतात, 'अहो, काय आवडली होती मला! पण एवढ्या शिकलेल्या लोकांत असं उघड सांगतात का?'

दुसरा भाग आणलाय. डोळे ठणठणीत आहेत त्यांचे आता, रस्त्यापलीकडची पाटी वाचतात... पण कादंबरी मीच वाचायची. आणि श्वास कुठे घ्यायचा, ते मला मध्येच थांबवून सांगतात!